ठेवीदाराला अक्कल शिकवण्याआधी जरा कायदा बघा

एखाद्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, शाखेच्या शटरबाहेर पासबुकं घेऊन रांग लागली, की दोन दिवसांत आपल्याकडे दोन पार्ट्या पडतात. पहिली म्हणते, पाऊण-एक टक्का जादा व्याजाच्या मोहाने गेले ना तिकडे, भोगा आता. दुसरी म्हणते, आमच्या घामाचा पैसा आहे, पै न पै परत मिळालाच पाहिजे, ठेव विम्याची पाच लाखांची लिमिट कसली सांगता. 2019 च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेच्या वेळी हेच झालं, 2025 च्या फेब्रुवारीत न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हच्या वेळी हेच झालं, आणि पुढची बँक बुडेल तेव्हाही हेच होईल. मला दोन्ही पार्ट्यांचं म्हणणं पटत नाही, कारण खात्यात पडलेल्या पैशाशी आपलं कायद्याने नातं काय आहे हे दोघांनीही पाहिलेलं नसतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: ठेवीदार हा कायद्याच्या नजरेत बँकेला कर्ज देणारा माणूस आहे, तर मग कर्ज देणाऱ्याला जी माहिती मिळते ती त्याला द्या, आणि ती मिळत नाही तोवर त्याला बेसावध, लोभी वगैरे म्हणू नका, पण ती मिळायला लागली की सरकारने सगळ्या रकमेची हमी घ्यावी ही मागणीसुद्धा त्याने सोडून द्यायला हवी.

आता हे कर्ज देणारा वगैरे कुठून आलं? 1848 मध्ये इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने फोली विरुद्ध हिल या खटल्यात सांगून टाकलं की बँकेत भरलेला पैसा भरल्या क्षणी बँकेचा होतो, तो ती कसाही वापरू शकते, आणि तुम्ही मागाल तेव्हा तेवढीच रक्कम परत द्यायला ती बांधील असते, बस्स. आपल्याकडची कोर्टंही तेच धरून चालतात. आपला 1949 चा बँकिंग रेग्युलेशन ॲक्ट घ्या, त्याच्या कलम 5 मध्ये बँकिंगची जी व्याख्या आहे तिच्यातच लिहिलंय की लोकांकडून ठेवी घ्यायच्या त्या पुढे कर्ज देण्यासाठी किंवा गुंतवण्यासाठी. म्हणजे तुमचे पैसे तिजोरीत तसेच पडून राहतील असं कायदा कधी म्हणालाच नाही. लॉकरचं वेगळं असतं, तिथे सोनं तुमचंच राहतं आणि बँकेने फक्त जागा दिलेली असते (तिथेही आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट, त्यापुढे नाही, हे किती जणांना माहीत आहे देव जाणे). पण खात्यातला पैसा म्हणजे बँकेने तुमच्याकडून घेतलेली उधारी, तीही बिनतारण.

आता हीच बँक जेव्हा तुम्हाला उधार देते तेव्हा काय करते ते आठवा. तीन वर्षांचं रिटर्न, सॅलरी स्लिप, सिबिल स्कोअर, घराची कागदपत्रं, जामीनदार, वर इन्शुरन्सही घ्यायला लावते. हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए म्हणजे थकीत, मग सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर कोर्टाची पायरी न चढता घराचा ताबा. शिवाय काँट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 171 ने बँकेला तिच्या ताब्यातल्या तुमच्या वस्तूंवर सरसकट धारणाधिकार, म्हणजे येणं फिटेपर्यंत त्या अडवून ठेवायचा हक्क, दिलेला आहेच. आणि तुम्ही बँकेला उधार देता तेव्हा तुम्हाला काय मिळतं? एफडीची पावती, हल्ली तर तीही नाही, एक पीडीएफ. बँक बुडालीच आणि तुमचं त्याच बँकेत कर्ज असेल तर विम्याचे पैसे देताना ते आधी वळतं करून घेता येतं. एका बाजूच्या सावकाराला सगळी हत्यारं आणि दुसऱ्या बाजूच्या सावकाराला फक्त विश्वास, आणि विश्वास बुडाला की त्याच माणसाला वर अक्कल शिकवायची!

पहिल्या पार्टीच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. जादा व्याज म्हणजे जादा धोका हे कुठेही खरंच असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ठेव विमा लागूच नाही, एनबीएफसीच्या, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्यांच्या ठेवींनाही नाही, आणि तरी लोक "संचालक ओळखीचे आहेत" एवढ्यावर रिटायरमेंटचे सगळे पैसे नेऊन टाकतात, ते बघून चिडचिड होणं साहजिक आहे. येस बँकही सेव्हिंग्जवर मोठ्या बँकांपेक्षा जास्त व्याज देत होती आणि तिथे कुणी कुणावर जबरदस्ती केली नव्हती. पण पीएमसीचं काय? ती काही गल्लीतली भिशी नव्हती, रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असलेली, अनेक राज्यांत शाखा असलेली शेड्यूल्ड बँक होती, दरवर्षी ऑडिट होत होतं, तपासणी होत होती. आणि तिच्या एकूण कर्जांपैकी 70 टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बिल्डर ग्रुपकडे गेलेलं होतं, जे लपवायला 21 हजारांवर बोगस कर्जखाती उभी केली होती, आणि हे कित्येक वर्षं ना ऑडिटरला दिसलं ना रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांना. जे त्यांना सगळी रजिस्टरं समोर असताना दिसलं नाही ते रिटायर झालेल्या शिक्षिकेला बाहेरच्या बोर्डावरचा व्याजदर वाचून कळायला हवं होतं, असं म्हणायचंय का?

आणि हे काही आजचं नाही. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरची लाट उसळली, आणि बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण ठेवून वाटेल तशी कर्जं वाटली. 1865 मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि 1868 पर्यंत ती बँक गुंडाळावी लागली. या बँकेत सरकारचे शेअर होते, सरकारने नेमलेले डायरेक्टर बोर्डावर बसत होते, आणि लोकांनी त्याच भरवशावर पैसे ठेवलेले. पुढे 1913 मध्ये स्वदेशी बँकांची पडझड झाली, त्यात मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात गेली, आणि बाहेरच्या ठेवीदाराला तो सट्टा कळायला काही मार्ग नव्हता. त्यानंतर 1935 ला रिझर्व्ह बँक आली, 1949 ला कायदा आला, तपासणी आली, रेशो आले. म्हणजे बघणारा डोळा आला खरा, पण त्या डोळ्याला काय दिसतं ते ठेवीदाराला सांगायची सोय काही आली नाही.

उलट ते सांगायचं नाही यासाठी रिझर्व्ह बँक सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली आहे. माहिती अधिकारात लोकांनी बँकांचे तपासणी अहवाल, डिफॉल्टरांची नावं वगैरे मागितली, तर रिझर्व्ह बँकेचं म्हणणं असं की ही माहिती बँकांनी आम्हाला विश्वासाने दिलेली आहे, ती उघड करता येत नाही. डिसेंबर 2015 मध्ये जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात कोर्टाने ते साफ फेटाळलं आणि सांगितलं की रिझर्व्ह बँकेचं कर्तव्य जनतेशी आहे, एकेका बँकेचा फायदा बघणं तिचं काम नाही. झालं, सुटलो म्हणेपर्यंत बँका परत कोर्टात गेल्या, 2021 मध्ये तो निकाल मागे घ्यायला कोर्टाने नकार दिला, मग 2022 मध्ये दुसऱ्या पीठाला वाटलं की यावर पुन्हा विचार व्हायला हवा. या सगळ्या धावपळीत सामान्य खातेदाराच्या हातात काय पडलं? आजही तुम्ही शाखेत जाऊन विचारलं की रिझर्व्ह बँकेने तुम्हाला तपासणीत काय ग्रेड दिली, तर समोरचा माणूस तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि तो मला खरंच वजनदार वाटतो. अशी माहिती उघड केली तर लोक घाबरतील, पैसे काढायला धावतील, आणि जी बँक सहा महिन्यांत सावरली असती ती सहा दिवसांत बुडेल. कुठलीच बँक, कितीही चांगली असली तरी, सगळ्या ठेवीदारांना एकाच दिवशी पैसे देऊ शकत नाही, कारण पैसे कर्जात गेलेले असतात, तो तर तिचा धंदाच आहे. 1960 मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली तेव्हा त्याची झळ दुसऱ्या बँकांनाही लागली. हल्ली तर रांगेत उभं राहायचीही गरज नाही, अमेरिकेत मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेतून लोकांनी एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढून घेतले, बसल्या जागी, मोबाइलवरून. आपल्याकडे यूपीआय आणि व्हॉट्सॲप असताना काय होऊ शकेल याचा अंदाज करा.

हे सगळं मान्य. पण यावरून माहिती दडवावी असं निघतं का? थोडं आपल्याकडचंच बघा. येस बँकेने मार्च 2016 ला आपली थकीत कर्जं सुमारे 749 कोटी दाखवली होती, रिझर्व्ह बँकेने हिशोब लावला तर ती सुमारे 4,926 कोटी निघाली, आणि नव्या नियमामुळे 2017 मध्ये हा फरक बँकेला जाहीर करावा लागला. शेअर बाजारात कुरकुर झाली, पण शाखांवर पैसे काढायला काही झुंबड उडाली नाही. पुढे 2018 पर्यंत 21 पैकी 11 सरकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या पीसीएखाली होत्या, म्हणजे आजारी म्हणून जाहीर झालेल्या, पेपरात रोज नावं येत होती. अफवाही उठल्या, रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला, पण कुठली बँक त्यामुळे कोसळली नाही. कुणी म्हणेल त्या सरकारी होत्या म्हणून लोक शांत बसले. खरंय, निदान बरंचसं खरंय. पण मग निघतं एवढंच की पैसे मिळतीलच असं वाटलं तर लोक वाईट बातमीसुद्धा पचवतात. पळापळ होते ती पैसे कधी मिळतील हेच माहीत नसतं तेव्हा.

आणि इथे आपला ठेव विमा लंगडा आहे. तो आला 1962 ला, पलाई आणि लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर, तेव्हा मर्यादा 1,500 रुपये. वाढत वाढत 1993 ला एक लाख झाली आणि मग तब्बल 27 वर्षं तिथेच बसून राहिली, पीएमसीच्या रांगा टीव्हीवर दिसल्यानंतर फेब्रुवारी 2020 मध्ये पाच लाख झाली. पण आकड्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे हा विमा मिळायचा बँकेचं लायसन्स रद्द झाल्यावर किंवा ती दुसरीत विलीन झाल्यावर, नुसते निर्बंध लागल्यावर नाही. म्हणून पीएमसीत ज्याचे पन्नास हजार होते, म्हणजे पूर्ण विम्यात बसणारे, त्यालाही पहिल्या दिवशी सांगण्यात आलं की सहा महिन्यांत हजार रुपये काढता येतील. हजार! (लगेच वाढवले, पण घबराट तोवर उडाली होती.) अशा माणसाने बातमीचा वास येताच पळू नये तर काय करावं? 2021 च्या दुरुस्तीने हे बरंच सुधारलं, आता निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम मिळायला हवी, याचं श्रेय सरकारला द्यायलाच पाहिजे. पण अमेरिकेत हेच काम साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत करतात आणि युरोपियन युनियनचा नियम सात कामकाजाच्या दिवसांचा आहे. आधार, पॅन, केवायसी सगळं एका क्लिकवर असणाऱ्या देशात 90 दिवस कशाला लागतात? विमा आठवड्यात मिळतो अशी एकदा लोकांची खात्री पटली की ग्रेड उघड केल्याने पळापळ होईल या भीतीतली निम्मी हवा तिथेच जाते, कारण आपल्याकडे जवळजवळ 98 टक्के खाती पाच लाखांच्या आत पूर्ण बसतात.

शिवाय माहिती दडवली म्हणजे ती दडते हे कुणी सांगितलं? बोर्डावरच्याला, मोठ्या कर्जदाराला, शाखेतल्या मॅनेजरच्या मेव्हण्याला ती आधी कळतेच की. शेवटी रांगेत उरतो तो ज्याच्या ओळखीचं आत कुणी नाही.

आता दुसऱ्या पार्टीकडे. पूर्ण हमी द्या म्हणणाऱ्यांकडेही एक जबरदस्त मुद्दा आहे, जो ते स्वतः नीट मांडत नाहीत म्हणून मी मांडतो. मोठ्या बँकांना आपल्याकडे ही हमी न लिहिता मिळालेलीच आहे. 2004 मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँक अडचणीत आली, तीन आठवड्यांत ओरिएंटल बँकेत विलीन. येस बँकेवर 5 मार्च 2020 ला निर्बंध आले, स्टेट बँक आणि इतरांना पैसे घालायला लावले, 18 तारखेला निर्बंध उठले, ठेवीदाराचा एक रुपया गेला नाही. लक्ष्मी विलास बँक त्याच वर्षी दहा दिवसांत डीबीएस बँकेकडे गेली. आणि पीएमसी? सव्वादोन वर्षं लटकवल्यावर जानेवारी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण, पाच लाखांवरची रक्कम हप्त्याहप्त्याने दहा वर्षांपर्यंत, आणि संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरच्या रकमेपैकी 80 टक्क्यांचे सरळ प्रेफरन्स शेअर करून टाकले. कायदा एक, लायसन्स देणारा एक, मग दोन ठेवीदारांची अशी वेगवेगळी गत का? याचं उत्तर पहिल्या पार्टीकडे नाही.

गंमत म्हणजे 2017 मध्ये बुडणाऱ्या वित्तसंस्थांचं काय करायचं हे ठरवणारं एफआरडीआय विधेयक आलं तेव्हा याच गोष्टीवरून देशभर बोंब झाली होती. बँक बुडाली तर ठेवींचं रूपांतर शेअरमध्ये करता येईल अशी तरतूद त्यात होती, सायप्रसमध्ये 2013 ला तसं झालंही होतं, एक लाख युरोच्या वरच्या ठेवींपैकी जवळपास निम्मी रक्कम बँक ऑफ सायप्रसच्या शेअरमध्ये गेली. "सरकार तुमची एफडी खाणार" असे मेसेज फिरले आणि 2018 मध्ये विधेयक मागे घेतलं गेलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि चार वर्षांनी त्या कायद्याशिवायच पीएमसीच्या संस्थात्मक ठेवींचे शेअर झाले, तेव्हा फारसं कुणी ओरडलं नाही. निदान त्या विधेयकाच्या निमित्ताने कुणाचे पैसे कुठल्या क्रमाने जातील हे आधी लिहून ठेवायची चर्चा तरी नीट झाली असती.

तरीही सगळ्या रकमेची हमी मला नको वाटते. अमेरिकेने 1980 मध्ये विम्याची मर्यादा 40 हजार डॉलरवरून एक लाख केली, आणि तिथल्या सेव्हिंग्ज अँड लोन (ठेवी घेऊन घरकर्ज देणाऱ्या) संस्थांनी जादा व्याजाने ठेवी ओढून त्या वाटेल त्या प्रकल्पांत घातल्या, कारण ठेवीदाराला काही पडलेलीच नव्हती, त्याच्या पैशांना सरकारची हमी होती. दहा वर्षांत शेकडो संस्था गेल्या आणि बिल करदात्याला आलं. आपल्याकडेही वर्षानुवर्षं विम्याचा हप्ता सगळ्या बँकांना सारखा राहिलाय, आत्ताआत्तापर्यंत शंभर रुपयांमागे 12 पैसे, बँक नेटकी असो की दिवाळखोरीच्या कडेवर. म्हणजे सांभाळून चालणाऱ्याने बेफाम चालणाऱ्याचा हप्ता भरायचा. धोक्याप्रमाणे हप्ता लावायचं रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये जाहीर केलं हे चांगलंच झालं, पण मग माझा साधा प्रश्न आहे की कुठल्या बँकेला किती हप्ता लागला हे शाखेच्या दारावर व्याजदरांच्या शेजारी का लावू नये? अहवाल पानापानाने उघड करायला नको असेल तर नका करू, कर्जदारांची गुपितं असतील त्यात, पण तुमच्या हिशोबाने ही बँक कुठल्या वर्गात बसते तो एक आकडा द्या. जादा व्याज आणि जादा हप्ता शेजारी शेजारी दिसल्यावर कुणी पैसे ठेवले आणि बुडाले तर पहिल्या पार्टीने खुशाल बोलावं, मी मध्ये पडणार नाही.

एक जागा मात्र अशी आहे जिथे नुसत्या माहितीने भागत नाही, ती म्हणजे हाउसिंग सोसायट्या. शंभर घरांनी वीस वर्षं साठवलेला दुरुस्तीचा फंड बँकेत असतो, आणि विम्याच्या हिशोबात ती सोसायटी म्हणजे एक ठेवीदार, सगळ्या शाखांतल्या सगळ्या एफडी मिळून पाच लाख. वर महाराष्ट्राच्या सहकार कायद्याचं कलम 70 सोसायटीने पैसे कुठे ठेवायचे तेही सांगतं, आणि त्या यादीत जिल्हा मध्यवर्ती बँक आणि राज्य सहकारी बँक आहेत. म्हणजे पैसे कुठे ठेवायचे ते सरकार ठरवणार आणि बुडाले तर शंभर कुटुंबांना मिळून एका माणसाइतका विमा. कमिटीने पाच-पाच लाख करून दहा बँकांत वाटावेत म्हटलं तर दहा केवायसी, दहा सह्यांचे नमुने, टीडीएसचे दहा हिशोब, आणि कमिटी बदलली की परत सगळं पहिल्यापासून. अशा खात्यात विमा संस्थेमागे न मोजता सभासदामागे मोजायची दुरुस्ती ठेव विम्याच्या कायद्यात करता येईल, सभासदांची यादी तर सोसायटीच्या रजिस्टरमध्ये आधीच असते.